दोन्ही हातांनी वेचणाऱ्या आत्याबाई

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, माणूस हातांवरून जोखायची खोड आहे. मी लग्न होऊन सोनाळ्यात आले तेव्हा बाकीच्या बाया माझा रंग, उंची आणि माहेरची माणसं बघत होत्या. यांनी माझे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि भरल्या मांडवात निकाल दिला की उजवा बरा आहे, डाव्यानं आजवर काही केलेलं दिसत नाही. मी बुलढाण्याची, कॉलेज शिकलेली, कॉम्प्युटरचे दोन कोर्स केलेली. मला राग आला. तो पुष्कळ दिवस टिकला, कारण निकाल खरा होता.

आत्याबाईंचं नाव जनकाबाई. पंचक्रोशीत त्या कापूस वेचणीसाठी प्रसिद्ध. इतर बाया एका हातानं फांदी धरतात आणि दुसऱ्यानं बोंड रिकामं करतात. आत्याबाईंचे दोन हात दोन बायांसारखे चालायचे, डावा एका झाडाला आणि उजवा दुसऱ्याला. नजर त्यापुढच्या झाडावर आणि तोंड शेजारणीच्या सुनेवर. वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेल्या ओळीला आमच्याकडे पात म्हणतात. जाताना एक पात घ्यायची आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचलं की वळून येताना शेजारची घ्यायची. रिकाम्या हातानं चालत परत येणारी बाई म्हणजे आत्याबाईंच्या लेखी आळसाची हद्द. वेचणीच्या दिवसांत दिवस उजाडायच्या आत कुणी ना कुणी दारात येऊन हाक मारायचं, "जनकाबाई, चाला." माझे सासरे शंकरराव, म्हणजे आमचे मामाजी, सांगतात की त्या हाकेला त्या जितक्या चटकन उठत, तितक्या आमच्या हाकेला कधी उठल्या नाहीत.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी शेतात उभं राहायला मनाई केली आणि घरात कहर सुरू झाला. हातांना काम नाही म्हटल्यावर आत्याबाई निवडलेली तूर पुन्हा निवडू लागल्या. मी घडी केलेले कपडे मोडून नव्यानं घडी करू लागल्या. चांगली धडधाकट गोधडी उसवून त्यांनी ती परत शिवली, तीसुद्धा पहिल्यापेक्षा वाकडी. सासरे दिवसभर विहाराच्या पारावर जाऊन बसत आणि जेवायच्या वेळेलाच घरी येत. मला मात्र पळायला जागा नव्हती, कारण माझं दुकान घरातच होतं.

दुकान म्हणजे पुढच्या खोलीतलं माझं कॉम्प्युटर सेंटर. एक चांगला कॉम्प्युटर, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. दाखले, अर्ज, लग्नपत्रिका, शाळेचे तक्ते, जे येईल ते. एका दुपारी मी एक्सेलमध्ये कसलासा तक्ता भरत होते आणि आत्याबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. उजवा हात माऊसवर, डावा मांडीवर. एक आकडा लिहायचा, माऊस धरायचा, पुढच्या चौकटीवर न्यायचा, टिचकी मारायची, परत आकडा.

"एका हातानं वेचून राह्यली वं तू," त्या शेवटी म्हणाल्या. "डावा काय पाहुना आला का?"

मी चिडले. चिडले की मला शिकवायची सवय आहे, दुसरं काही सुचत नाही. मी त्यांना दाखवलं की डाव्या हातालाही कामं आहेत, मीच करत नाही एवढंच. कंट्रोल धरून सी दाबलं की उचललं जातं, व्ही दाबलं की ठेवलं जातं. झेड दाबलं की चुकलेलं मागं जातं. कंट्रोल आणि खालचा बाण, की भरलेल्या ओळीच्या टोकाला एका उडीत. वरचा बाण, की परत माथ्याला. कंट्रोल आणि डी, की वरच्या चौकटीत आहे तेच खालच्या सगळ्या निवडलेल्या चौकटींत.

आत्याबाई एकदम गप्प झाल्या. आमच्या घरात ही घटना दुर्मीळ आहे. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं ठाव असून तू उंदरासारखी फिरून राह्यली त्याले हातात धरून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेंटर उघडलं तर माऊसवर स्टीलची वाटी उपडी घातलेली होती. ती काढली की परत बसायची. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी हरले, बोटांनी काम करायला लागले, आणि खरं सांगते, दुपारपर्यंत पुरणारं काम चहाच्या आत संपायला लागलं. आत्याबाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःच बैठक मारली.

सातवीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे आकडे येत होते. इंग्रजी अक्षरं त्या जागेवरून ओळखत. एस म्हणजे डाव्या करंगळीच्या शेजारचं बोट, असं. वेचताना कमरेला बांधलेलं फडकं जड व्हायच्या आत कापसाच्या गंजीवर रिकामं करायचं असतं, म्हणून भरलेलं जपून ठेवणारं कंट्रोल-एस त्या दर थोड्या ओळींनी दाबत. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, मी फक्त बटन दाखवलं होतं. मराठी अक्षरांचा मात्र वैताग. एक काना शोधता शोधता त्या कॉम्प्युटरच्या खानदानाचा उद्धार करत. म्हणून आमची वाटणी ठरली: नावं मी टाकायची, आकडे त्यांनी.

त्या आकडे भरायच्या ते बघण्यासारखं होतं. उजवा हात आकड्यांच्या बटनांवर, डावा शिफ्टवर. एंटर मारला की चौकट खाली सरकते आणि शिफ्ट धरून एंटर मारला की वर, हे मी एकदा सहज बोलून गेले होते. ते त्यांनी गाठीला बांधलं. एक रकाना वरून खाली भरायचा, तळाला पोचलं की शेजारच्या रकान्यात पाऊल टाकायचं आणि तो खालून वर भरत यायचा. मी म्हटलं, आत्याबाई, कंट्रोल आणि वरचा बाण मारा, एका उडीत माथ्याला जाल, मग वरून भरा. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझ्या कामाला लागले. कागदही त्या खालून वर वाचत, त्यामुळे आकडा ज्याच्या त्याच्या नावापुढेच पडत होता. मग मला काय पडलंय?

आमच्या भागात सातपुड्याच्या पायथ्यानं संत्र्याच्या बागा आहेत. संग्रामपूरला बागायतदारांनी मिळून एक कंपनी काढली आहे, तिचं काम गजेंद्र बघतो. शेतकी शिकलेला, बोलायला गोड, हिशेबाला कडक. या वर्षी पावसाळ्यातल्या लागवडीसाठी कंपनीच्या रोपवाटिकेतून रोपं द्यायची होती आणि गावोगावची मागणी एक्सेलमध्ये हवी होती. सोनाळ्याचं काम चांगलं झालं तर बाकीच्या गावांचंही आमच्याकडे देईन, असं गजेंद्र म्हणाला. हे ऐकून आत्याबाई त्या रात्री जेवल्याच नाहीत नीट. मामाजी म्हणाले, तब्येत बरी नाही का? तेव्हा त्या जे बोलल्या ते मला अजून आठवतं.

"तब्येतीले काय झालं? गुडघे गेले तर गुडघेच घरी बसायले पाह्यजे होते. माह्या हातांले काऊन बसवलं सगळ्यांनी? दोन वरसं झाले, कोनी बोलवत नाई त्यांले."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तूर निवडणं आणि गोधडी उसवणं हा छळ नव्हता, रडणं होतं. मी ठरवलं की हे काम आत्याबाईंच्या हातून पार पाडायचं.

मी नावं टाकली. यादी गावात नेहमी लागते तशीच लागली होती, निवृत्ती पाटलांच्या बागेपासून सुरू आणि आमच्या भीमनगरातल्या प्रेमानंदच्या घरामागच्या तुकड्याशी संपणारी. प्रेमानंद शिंपी काम करतो. घरामागे त्याची थोडी जमीन आहे आणि त्यानं मोठ्या हौसेनं दोन रोपं मागितली होती. पाटलांना ट्रॉली भरून हवी होती. नावांपुढे दोन रकाने होते, सध्याची झाडं आणि हवी असलेली रोपं.

आकडे भरायच्या दिवशी मला बुलढाण्याला जायचं होतं, माहेरी भावाचा साखरपुडा होता. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला. आत्याबाईंनी मला दारातून जवळजवळ ढकललंच. आणि काम लवकर व्हावं म्हणून त्यांनी एक सुधारणा केली: मामाजींना पारावरून उठवून आणलं आणि आकडे मोठ्यानं वाचायला बसवलं. आता त्यांना कागदाकडे बघायचीही गरज नव्हती. मामाजी आयुष्यभर सांगितलेलं काम करत आले आहेत. त्यांनी पहिला रकाना वरून खाली वाचला. आत्याबाईंनी वरून खाली भरला. मग मामाजींनी दुसरा रकाना वाचायला घेतला, कुठलाही शहाणा माणूस वाचेल तसा, वरून. आणि आत्याबाई तळाला पोचल्या होत्या, म्हणून त्या शेजारच्या पातीनं वर यायला लागल्या.

मी परत यायच्या आत गजेंद्र येऊन फाईल पेनड्राइव्हवर घेऊनही गेला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी उंबरठा ओलांडायच्या आधीच त्यांनी सांगितलं की काम फत्ते, आणि तुझा सासरा वाचायला बरा आहे, आवाज थोडा वाढवायला पाहिजे.

रोपं आली त्या दिवशी सकाळी भीमनगरात आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर गेले. प्रेमानंदच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यातून रोपं उतरतच होती. अंगण भरलं, ओटा भरला, शिलाई मशीनच्या पायापाशी रोपं, बाजेवर रोपं, आणि आता पोरं ती विहाराच्या भिंतीला लावून ठेवत होती. प्रेमानंदला वाटलं की कुठली तरी योजना लागू झाली. तो टेम्पोवाल्याला चहा पाजत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की आपण फक्त दोनच मागितली होती, पण दिलदार माणसं असतात जगात. आमच्या आळीत ज्यानं ज्यानं मागितली होती त्या सगळ्यांची तीच तऱ्हा. मला काही कळेना, पण दृश्य इतकं छान होतं की मीही एक कप चहा घेतला.

चहा संपायच्या आत निवृत्ती पाटील आले. पायी आले, आणि दोन्ही हातांत एकेक रोप. टेम्पोवाल्यानं त्यांच्या फाटकापुढे ती दोन रोपं ठेवली होती आणि वर मिळाल्याची सही मागितली होती. त्यांनी प्रेमानंदचं अंगण पाहिलं, हातातली रोपं पाहिली आणि सरळ आमच्या सेंटरमध्ये शिरले. मागोमाग मोटारसायकलवरून गजेंद्र.

मी फाईल उघडली. पहिल्या नावापुढे शेवटच्याची मागणी, दुसऱ्यापुढे शेवटून दुसऱ्याची. अख्खा रकाना पायावरून डोक्यावर उभा. मला उलगडा झाला आणि हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन कंट्रोल-झेड दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. एकदा बंद केलेली फाईल तशी मागं जात नाही. ते मी त्यांना सांगायचं राहिलं होतं. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

गजेंद्र वाईट बोलला नाही. त्यानं नरमाईनं सांगितलं की मावशींची नजर चुकली असेल, वयाप्रमाणे होतं असं, बाकीच्या गावांचं काम मी संग्रामपुरातच करून घेतो. नरमाईनं बोललेलं जास्त लागतं. मी त्याला सांगू लागले की नजर चुकलेली नाही, एकही आकडा चुकलेला नाही, फक्त मामाजी दुसरा रकाना वरून खाली वाचत गेले आणि आत्याबाई तो खालून वर भरत आल्या. त्यानं विचारलं की असं कोण भरतं?

उत्तर पाटलांनी दिलं. ते इतका वेळ रोपं हातात घेऊन स्क्रीनकडे बघत होते. त्यांच्या वावरात आत्याबाईंनी कितीतरी हंगाम काढलेले.

"गजेंद्र, तू कधी कापूस वेचला का?" त्यांनी विचारलं. गजेंद्र नाही म्हणाला. "मंग तुले नाई समजनार. धुऱ्यावरून रिकामं कोन वापस येते? बाई बरोबर आली. वाचनारा चुकला."

मामाजी दारात उभे होते. ते तिथूनच पारावर निघून गेले.

पाटलांनी रोपं टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि हसायला लागले. ते हसले म्हणून गजेंद्रला हसावं लागलं, आणि माझा खोकला तर केव्हाचा तयारच होता. ट्रॅक्टर भीमनगरात बोलावला गेला. वरच्या टोकाचं खाली आणि खालचं वर, अशी रोपांची अदलाबदल दुपारपर्यंत चालली. जी माणसं एरवी एकमेकांच्या दारात जात नाहीत, ती त्या दिवशी रोपं घ्यायला गेली आणि चहाला थांबली. प्रेमानंदच्या बाजेखाली काही जास्तीची रोपं राहिली होती. पाटलांनी वाकून पाहिलं आणि ट्रॅक्टर पुढे घ्यायला सांगितलं.

इकडे सेंटरमध्ये रकाना दुरुस्त करायचा होता. मी म्हटलं, एक युक्ती आहे, शेजारी क्रमांक टाकून उलटा क्रम लावला की झालं, मिनिटाचं काम. आत्याबाई स्टुलावरून उठल्या आणि मला खुर्चीवरून उठवलं. त्यांनी सगळा रकाना पुसून टाकला. कागद समोर ठेवला आणि कंट्रोल आणि वरचा बाण मारून माथ्याला गेल्या, रिकाम्या हातानं. ते त्यांना किती जड गेलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग वरून खाली भरायला सुरुवात केली. बोटं अशी चालली की गजेंद्र मोबाइलवर बोलत होता तो बोलायचा थांबला.

भरून झाल्यावर त्यानं कागदाशी ताडून पाहिलं. एकही चूक नव्हती. बाकीच्या गावांचे कागद बॅगेतून काढून त्यानं टेबलावर ठेवले, पण हिशेबाचा माणूस तो, एक अट घातली.

"यापुढे एक रकाना जास्तीचा ठेवा," तो म्हणाला. "कोनी भरलं त्याचं नाव, दर ओळीले. म्हंजे चुकलं तं कोनाले धरायचं थे समजते."

माझं डोकं सणकलं. एवढं सगळं झाल्यावर म्हाताऱ्या बाईला धरायची भाषा? मी आत्याबाईंना हळूच म्हटलं की माझं नाव टाका, सेंटर माझं आहे, बोलणी मी खाईन. आत्याबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्यांनी पुढच्या रिकाम्या रकान्यात पहिल्या ओळीवर चौकट आणली आणि मराठी अक्षरं शोधायला लागल्या. ज सापडला. न सापडला. का मध्ये काना अडकला, पण या वेळी कॉम्प्युटरच्या खानदानाला त्यांनी काही म्हटलं नाही. मी बोट पुढे केलं ते त्यांनी बाजूला सारलं. चौकटीत हळूहळू नाव उमटलं: जनकाबाई शंकरराव तायडे.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण, तळापर्यंत निवडायला. आणि कंट्रोल-डी.

कॉम्प्युटर घुटमळला. पंखा जोरात फिरायला लागला. मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारचा रकाना आधीच भरलेला असला तरी आपण आहोत तो खाली रिकामा असेल, तर ती उडी शेवटच्या शेतकऱ्यापाशी थांबत नाही, थेट पानाच्या तळाला जाते. आणि एक्सेलचं पान दहा लाखांहून जास्त ओळींचं असतं. पडदा परत जागा झाला तेव्हा पाटलांच्या ओळीत आत्याबाईंचं नाव होतं, प्रेमानंदच्या ओळीत होतं, आणि त्याच्या खाली, जिथे ना शेत होतं ना शेतकरी, तिथेही तेच नाव, खाली, आणखी खाली.

"मावशी, नाव धुऱ्याच्या बाहेर गेलं," गजेंद्र म्हणाला. मी कंट्रोल आणि झेडकडे हात नेला.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती, आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या बाणावर दाबलेलं होतं. नावामागून नाव वर सरकत होतं.

"थांब वं जरा," त्या म्हणाल्या. "मले पाहू दे."